परचुऱ्यांच्या गाडीचा पोचा

जुन्या गाडीचा भाव इंजिनावर ठरतो, असं मला प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं. सांगू दे बापडं. कात्रजच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडखाली जुन्या गाड्या घेण्या-विकण्यात माझं आयुष्य गेलं. माझा अनुभव असा, की भाव ठरतो ओरखड्यावर. इंजिन कुणाला कळत नाही. मी बॉनेट उघडलं की माणसं आत वाकून बघतात, चेहरा गंभीर करतात, "हं" म्हणतात आणि सरळ होतात. ओरखडा मात्र सगळ्यांना कळतो. त्याला शिक्षण लागत नाही. त्यावरून बोट फिरवायचं, "आणि हे काय हो?" म्हणायचं, आणि भाव पाडून मागायचा.

आमच्या धंद्यात ओरखड्याची दोन मापं आहेत. विकणारा म्हणतो, "तो होय? तो दिसतसुद्धा नाही." घेणारा म्हणतो, "अहो, केवढा मोठा!" गंमत म्हणजे एकच माणूस सकाळी स्वतःची जुनी गाडी माझ्या गळ्यात मारताना पहिलं माप वापरतो आणि चहा पिऊन झाला की माझ्याकडची दुसरी गाडी घेताना दुसरं काढतो. मी दोन्ही वेळा मान डोलावतो. दलालाची मान दोन्ही बाजूंना सारखी डोलली पाहिजे, नाहीतर त्याने दुसरा धंदा बघावा.

अलीकडे गिऱ्हाईक यंत्रं घेऊन येतं. खराडीच्या एका कंपनीतला मुलगा रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला होता. अख्ख्या गाडीला ते लावत लावत फिरला आणि मागच्या उजव्या दारापाशी थबकला.

"अंकल, इथे रीपेंट आहे. रीडिंग बघा."

"आहेच," मी म्हटलं. "ते दार रिक्षाला घासलं होतं. तुम्ही आल्या आल्या मी सांगितलं तुम्हाला."

"हो, पण आता डेटा आहे ना."

मग तो दुपारपर्यंत डेटा गोळा करत बसला. मोबाइलवर तक्ता झाला, बंगळुरूच्या मित्राला व्हिडिओ कॉलवर गाडीची खालची बाजू दाखवून झाली. शेवटी त्याची बायको आली. तिने पुढच्या सीटवर बसून समोरची उन्हाची झडप खाली ओढली, तिच्या आरशाला छोटा दिवा आहे हे बघितलं आणि म्हणाली, "हीच घेऊ या." घेतली. यंत्राचा खोका मुलगा माझ्या टेबलावर विसरून गेला, त्यात मी आता सुपारी ठेवतो.

पण लक्षात राहिलेला सौदा कोणता, असं कुणी विचारलं तर मी परचुऱ्यांच्या गाडीचा सांगतो. त्यात मला दमडी मिळाली नाही. उलट पदरचं पेट्रोल गेलं. माझी बायको म्हणते, ही गोष्ट तू लोकांना सांगतोस तरी कशाला? पण दिवाळीच्या अंकात माणसाने खरं लिहावं.

नाना परचुरे सहकारनगरात राहतात. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांची गाडी म्हणजे सात माणसं सहज बसतील अशी चंदेरी एसयूव्ही. इंजिन ठणठणीत, सर्व्हिसिंग वेळेवर. पण पत्र्यावर अंगभर खुणा. मुलगा परदेशात, आणि नानांच्या डाव्या गुडघ्याने ऑपरेशननंतर क्लच दाबायला साफ नकार दिलेला. म्हणून गाडी विकायला काढली होती.

नानांनी मला हातातल्या काठीने गाडी दाखवली, धरणाचा नकाशा समजावून सांगावा तशी.

"हे बघा विलासराव, मला लपवाछपवी जमत नाही. पुढच्या बंपरचा हा ओरखडा. हा हिचा. डाव्या दारावरची ही रेघ. हीही हिचीच. आरशाची ही टोपी फुटलीय ना? हिची."

'ही' म्हणजे सुधावहिनी. त्या चहाचा ट्रे घेऊन मागेच उभ्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने बारीक, कपाळावर ठसठशीत कुंकू. नानांच्या निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन लायसन्स काढलं होतं, हे मला नंतर कळलं.

"आणि हा," नाना काठी मागे नेत म्हणाले, "हा मुख्य."

मागच्या डाव्या चाकाच्या वर, पत्र्याला एक पोचा होता. आमटीच्या वाटीएवढा, अगदी गोल, आणि मधोमध पीळ दिल्यासारखी एक वळी पडलेली. इतक्या वर्षांत मी हजारो पोचे पाहिले, पण असा देखणा पोचा पाहिला नव्हता.

"त्या गेटच्या खांबाला जुन्या फाटकाची बिजागरी राहिलीय, ती दिसतेय ना? तिला लावली हिने. रात्री बहिणीकडून आली, गाडी लावली, वर येऊन झोपली. सकाळी मी बघतो तर हे! त्या दिवसापासून मी हिला किल्ली दिलेली नाही."

"मला आवाजसुद्धा आला नव्हता हो," वहिनी हळूच म्हणाल्या.

"आवाज येत नाही, तेच तर म्हणतोय! गाडी लागल्याचं ज्याला कळत नाही, त्याने चालवू नये."

वहिनींनी माझ्या हातात कप दिला. मी कागद बघितले. गाडी वहिनींच्या नावावर होती. मला नवल वाटलं नाही, पुष्कळ घरांत असतं. इथलं कारण असं, की नानांच्या पत्रिकेत वाहनसौख्य नाही असं कुठल्याशा ज्योतिषाने सांगितलं होतं. धरणं बांधणाऱ्या माणसाने पत्रिका बघून गाडी बायकोच्या नावावर घ्यावी आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, याला काय म्हणायचं? मी एवढंच म्हटलं, "विक्रीच्या फॉर्मवर वहिनींची सही लागेल." नाना म्हणाले, "करेल की. तिला काय अडचण?"

वहिनी मला सोडायला गेटपर्यंत आल्या. तिथे आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "एक विचारू का? घेणारा माणूस गाडी चालवणारा बघा हं. नुसती दारात उभी करणारा नको."

"वहिनी, तुम्हाला नाही का ठेवावीशी वाटत?"

"वाटते ना. माझी बहीण वाईला असते. दोनदा मी एकटी चालवत गेले होते, खंबाटकी घाटातून." एवढं सांगताना त्या ताठ झाल्या होत्या, मग एकदम खांदे पडले. "मला वाटायचं मला चांगली येते. पण इतका मोठा पोचा पाडला आणि मला कळलंसुद्धा नाही. आपला आपल्यावरच विश्वास उडतो हो. मग नाही मागितली किल्ली."

मला वाईट वाटलं. पण दलालाला वाईट वाटून चालत नाही, म्हणून मी गिऱ्हाईक शोधायला लागलो.

गिऱ्हाईक मिळालं लोणी काळभोरचं. तात्या. जमीनदार असामी, पण सगळं आयुष्य बैलांच्या व्यापारात गेलेलं. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं. आदल्या वर्षी त्यांनी शोरूममधून नवी कोरी गाडी घेतली होती. हार घातला, पेढे वाटले, आणि महिन्याच्या आत उसाच्या ट्रॉलीने तिचा चेंदामेंदा केला. माणसं वाचली, गाडी गेली.

"दिष्ट लागली," तात्यांनी मला फोनवर सांगितलं. "एक डाग न्हवता तिच्या अंगावर. बिनडागाचं जनावर दारात बांदू न्हाई. मला वापरल्याली बगा. खरचटल्याली आसंल तर बरंच."

आता हे गिऱ्हाईक देवानेच परचुऱ्यांसाठी घडवलं होतं. मी तात्यांना घेऊन सहकारनगरात गेलो.

तात्यांनी गाडीला लांबून एक प्रदक्षिणा घातली. बॉनेट उघडू दिलं नाही. पुढे जाऊन दिव्यांमध्ये बघितलं, म्हणजे डोळे तपासले. मग खाली बसून टायरमध्ये बोट घातलं.

"दात झिजल्यात."

"मागच्याच वर्षी नवे टायर घातलेत," नाना म्हणाले.

"म्हंजे म्हातारीला कवळी बशिवली."

"अहो, आपण गाडी घ्यायला आला आहात की औताला जुंपायला?"

"आदी बगू तर द्या. मंग ठरवू." तात्या उठले आणि बंपरवरून हात फिरवला. "ह्ये वरखडे कुनी काडले?"

"आमच्या मंडळींनी," नाना म्हणाले आणि काठीने वहिनींकडे दाखवलं.

तात्यांनी वहिनींकडे आदराने पाहिलं. "लई दांडगी हाकत्यात म्हना की."

वहिनींना हसू आलं. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

प्रत्येक ओरखड्यापाशी तात्या थांबत आणि "ह्याचं कमी करा" म्हणत. नाना तेवढ्यापुरतं "दिसतसुद्धा नाही" म्हणत. एकूण सगळं रीतसर चाललं होतं. मग तात्या मागच्या डाव्या बाजूला आले आणि जागच्या जागी थांबले. ते वाकले. पोच्याच्या कडेवरून, मग आतल्या पिळावरून त्यांनी अंगठा फिरवला. मला बाजूला ओढून माझ्या कानात म्हणाले, "इलासराव, ह्यो भोवरा हाय, बैलाच्या क्यासांत आसतो तसा."

"तात्या, तो पोचा आहे."

"गप बसा. डाव्या मांडीवर भोवरा! लाखात एकादं जनावर आसतंय आसं. ह्ये मालकाला सोडत न्हाय. कासरा तोडून न्या, दहा कोसांवर इका, फिरून मालकाच्याच दारात येऊन हुबं ऱ्हातंय. ही गाडी मला पायजे. पर त्यांना सांगू नगा, भाव चडवतील."

आणि नानांकडे वळून तोंड कडू करून म्हणाले, "ह्यो खड्डा तर लईच बेकार."

आता भाव. तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि नानांच्या हातावर टाकलं. पुणेकरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. हात सोडवून घेतला की भाव नामंजूर. हात सैल सोडला की मंजूर. आजूबाजूच्या कुणाला कळत नाही. तात्यांचं त्यावर आणखी एक म्हणणं होतं, की जनावराच्या समोर त्याची किंमत काढू नये, ते मनाला लावून घेतं.

नानांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अनोळखी माणसाने उपरण्याखाली हात धरल्यावर त्यांना वाटलं, खेड्याकडची नमस्काराची पद्धत असेल. त्यांनी सौजन्याने तात्यांचा अख्खा पंजा धरून हलवला. तात्यांचे डोळे विस्फारले. त्यांनी बोटं बदलून दाबली. नाना अवघडले आणि त्यांनी हात मागे ओढला. नामंजूर! तात्यांनी पुन्हा हात पकडला आणि भाव वाढवला. नानांनी आणखी जोरात ओढला. तात्यांनी आणखी वाढवला. दोघं पार्किंगमध्ये समोरासमोर, मधे हलणारं उपरणं, नाना लाल झालेले, आणि वहिनी ट्रेने तोंड झाकून हसत होत्या. शेवटी दमून नानांनी हात सैल सोडला.

"ठरलं," तात्या घाम पुसत म्हणाले. "पावनं लई चिवट. एवढ्या बाजारात आसा माणूस भेटला न्हवता."

"काय ठरलं?" नाना म्हणाले.

तात्यांनी मलाही आकडा उपरण्याखालीच सांगितला. मी तो गाडीपासून लांब नेऊन नानांच्या कानात सांगितला. नाना "एवढे?" असं ओरडणार होते, तेवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगल्या पायावर. तात्यांनी विसार म्हणून काही नोटा नानांच्या हातावर ठेवल्या आणि अमावस्या उलटली की गाडी न्यायला येतो म्हणून निघून गेले. मला दोन्ही बाजूंची दलाली दिसायला लागली. त्या भरात माझ्या हातून जे झालं, ते आमच्या धंद्यातल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं.

माझा एक नियम आहे. माझ्याकडून गेलेली गाडी घेणाऱ्याने दारात उभी केली की शेजाऱ्याचं तोंड वाकडं झालं पाहिजे. त्यामुळे ताबा देण्याआधी मी स्वखर्चाने गाडी युसुफभाईकडे पाठवतो. युसुफभाई माझ्या शेडमागचा डेंटिंगवाला. पत्रा आतून ठोकून असा सपाट करतो, की पाणी ओतलं तर कुठे थांबणार नाही. गाडी त्याच्याकडे गेली. ओरखडे तसेच राहू दे, असं मी तात्यांच्या इच्छेखातर सांगितलं, कारण डाग असलेले बरे असं ते म्हणाले होते. फक्त तो मोठा पोचा काढ म्हटलं. तात्या त्याला भोवरा म्हणाले होते, हे मला आठवत होतं. पण ती मी सौद्यातली नुसती मौज समजलो होतो. माणूस पैसे मोजून पोचा विकत घेईल, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

ताबा घ्यायला तात्या हार, नारळ आणि लिंबू-मिरची घेऊन माझ्या शेडवर आले. थेट मागे गेले. हात फिरवला. पुन्हा फिरवला. उजवीकडे जाऊन बघितलं, बाजू चुकली की काय म्हणून. मग नारळ खाली ठेवला.

"ही ती गाडी न्हवं."

"तीच आहे तात्या. पोचा काढून घेतला, माझ्याकडून भेट."

"भेट?" तात्यांचा आवाज चिरका झाला. "म्या भोवऱ्याचं पैसं दिलं, आन तुमी भोवराच काडला? ह्ये म्हंजे बैलाची शिंगं कापून वर साखर वाटल्यावानी झालं! माजा विसार परत द्या."

मी युसुफभाईला हाक मारली. "भाई, इथे होता तो डेंट परत पाडून दे."

युसुफभाई माझ्याकडे बघतच राहिला. "शेठ, आयुष्यभर मी डेंट काढले. माझ्या बापाने काढले. आता या वयात पाडायला सांगता?" पण माझा चेहरा बघून त्याने लाकडी हातोडी घेतली. डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि दोन ठोके घातले. गोल झाला, पीळसुद्धा बऱ्यापैकी आला. तात्यांनी अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"ह्यो हातानं पाडल्याला भोवरा. बाजारात दलाल आसं करत्यात, माज्यासंगं चालायचं न्हाय. ज्या खांबाला लागली त्याच खांबाला लागली पायजे. आन ज्या हातनं लागली त्याच हातनं."

युसुफभाईने आपलं काम निमूटपणे ठोकून परत सपाट केलं. मी नानांना फोन लावला. आकडा आठवून नाना लगेच तयार झाले. "त्यात काय? हिला बसवतो. नाहीतरी हिला दुसरं काय येतं, धडकवायलाच तर येतं."

अशा रीतीने दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सहकारनगरात जमलो. वहिनी कॉटनची साडी खोचून, चष्मा पुसून गाडीत बसल्या. किल्ली खाचेत बसवायला त्यांना दोनदा चाचपडावं लागलं. मला त्या क्षणी आपल्या धंद्याची लाज वाटली. ज्या गोष्टीने त्यांचं चालवणं सुटलं, तीच आम्ही त्यांच्याकडून लोकांसमोर पुन्हा करवून घेत होतो.

"रिव्हर्स घे!" नाना गेटमध्ये उभे राहून काठी फिरवत होते. "ये, ये, डावीकडे, अजून डावीकडे!"

गाडी मागे आली आणि खांबाला न शिवता, अलगद, गेटातून बाहेर गेली.

"अगं, लाव! लाव खांबाला!"

वहिनींनी गाडी पुढे घेतली, पुन्हा मागे आल्या. पुन्हा बोटभर अंतर राखून गाडी सरळ बाहेर. तिसऱ्यांदा त्यांनी बहुतेक मनापासून प्रयत्न केला, पण खांब जवळ आला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. बाल्कन्यांमध्ये लोक जमले. वरच्या मजल्यावरून एकाने विचारलं, "काय परचुरे, गाडी लागत नाहीये का? काही मदत करू?"

"आपण आपली पोळी खावी!" नाना वर बघून ओरडले.

चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं, की वहिनी आता चाचपडत नव्हत्या. त्यांनी सीट पुढे ओढून घेतली होती, आरसा आपल्या डोळ्यांच्या उंचीला लावला होता, आणि ती एवढी मोठी गाडी त्या अरुंद गेटातून अशी आत-बाहेर करत होत्या, की युसुफभाई माझ्या कानात म्हणाला, "शेठ, या बाईंनी कधी काही ठोकलं असेल असं वाटत नाही."

तात्यांनाही तीच शंका आली असावी. ते नारळ हातात धरून नुसते बघत होते.

नानांचा संयम सुटला. "साधा खांबसुद्धा लागत नाही हिला! उतर. सरक बाजूला." काठी माझ्या हातात कोंबून ते ड्रायव्हरच्या जागेवर चढले. "एवढंच तर करायचंय. या झाडापाशी आलं की स्टिअरिंग जरा लवकर वळवायचं. उजवीकडच्या कुंडीकडे बघत राहायचं. म्हणजे मागचा डावा भाग बरोब्बर बिजागरीवर बसतो. गुडघा राहू दे, एवढ्यापुरता दाबेल तो क्लच."

गाडी मागे आली. झाडापाशी स्टिअरिंग लवकर वळलं. धप्प!

तात्या धावत गेले. पोचा गोल, वाटीएवढा, मधोमध पीळ. जागा तीच, वळी तीच. त्यांनी अंगठा फिरवला आणि आनंदाने ओरडले, "हाच! हाच त्यो हात!"

 बाल्कन्यांतले लोक कठड्यावर वाकले. नाना स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले.

"अहो," वहिनी खिडकीपाशी जाऊन म्हणाल्या, "बिजागरीवर बरोब्बर कसा बसतो, ते तुम्हाला कसं ठाऊक?"

"तर्काने."

"अहो."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्या दिवशी पहाटे दूध संपलं होतं," ते म्हणाले. "तू झोपली होतीस. मला वाटलं, तू उठायच्या आत सांगावं. मग तू उठलीस आणि खाली येऊन स्वतःच म्हणालीस, 'अगं बाई, हे माझ्याकडून झालं की काय?' आणि मी..."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हणालो नाही. फक्त नाही म्हणालो नाही."

मला नानांचा राग आला, आणि हसूही आवरेना. म्हणून मी खांबाकडे बघत राहिलो.

"उतरा," वहिनी म्हणाल्या.

नाना उतरले. वहिनी चढल्या. गाडी पुढे घेतली, वळवली, मागे घेतली आणि नानांच्या नेहमीच्या जागेत, दोन्ही बाजूंना सारखं अंतर राखून, एका दमात लावली. किल्ली काढून कमरेला खोचली. मग माझ्याकडे हात पुढे केला. "विलासराव, ते माझे कागद द्या इकडे. मी सही करत नाही."

माझ्या दोन्ही बाजूंच्या दलालीने तिथेच प्राण सोडला. "नाना," मी म्हटलं, "आता तात्यांना काय सांगायचं?"

नानांनी खिशातून विसाराच्या नोटा काढून तात्यांच्या हातावर ठेवल्या. मी तात्यांकडे वळलो. हा माणूस आता अंगावर येणार, म्हणून मी मनाची तयारी केली होती. तात्यांनी परत मिळालेला विसार न मोजता बंडीच्या खिशात टाकला आणि खाली ठेवलेला हार उचलला.

"मला कशापायी राग येईल? म्या सांगितलंच व्हतं. डाव्या मांडीवर भोवरा आसला की जनावर मालकाला सोडत न्हाय. फकस्त मालक कोन, त्येवडं आपल्याला ठावं न्हवतं." आणि त्यांनी तो हार वहिनींच्या गाडीला घातला, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा वहिनींना दिला. दुसरा नानांना द्यावा की नाही, यावर जरा विचार केला आणि दिला.

तात्यांसाठी मी पुढे भोवऱ्याची दुसरी गाडी पुष्कळ शोधली. पोचे खूप मिळाले, भोवरा नाही मिळाला. शेवटी त्यांनी ट्रॅक्टर घेतला.

आता मी शेडवर रोज जात नाही. गाड्या मोबाइलवरच विकल्या जातात, आणि फोटोत ओरखडा दिसू नये म्हणून मुलं गाडी संध्याकाळच्या उन्हात उभी करतात. गेल्या महिन्यात एका सकाळी सहज गेलो होतो, तर परचुऱ्यांची चंदेरी गाडी हवा भरायला येऊन थांबली. वहिनी स्टिअरिंगवर. वाईला निघाल्या होत्या, बहिणीकडे. शेजारी नाना, मांडीवर डबा, पायाशी पाण्याची बाटली, तोंडाने, "डावीकडून रिक्षा येतेय, डावीकडून," असं चाललेलं. "दिसतेय हो मला," असं म्हणून वहिनी खाली उतरल्या आणि माझ्याकडे चहाला थांबल्या.

युसुफभाई मागे जाऊन पोचा बघून आला. तो त्याला अजून सलत होता. "वहिनी," तो म्हणाला, "द्या ना काढून. दहा मिनिटांचं काम आहे. पैसे नकोत."

"नको नको, राहू दे," वहिनी म्हणाल्या. आणि मग नानांच्या हातातली काठी घेऊन त्यांनी त्याला सगळी गाडी दाखवली. "हे बघ, पुढच्या बंपरचा हा माझा. दारावरची ही रेघ माझी. आरशाची टोपीही माझीच. आणि हा," काठी मागे नेत त्या म्हणाल्या, "हा ह्यांचा."